ताऱ्यांची गावे

मंडळी, दिवाळीच्या अमावस्येला रात्री दहाच्या सुमारास दिव्यांपासून दूर, रानात जाऊन उभे राहा. डोक्यावरून जरा उत्तरेकडे पाहा. आभाळ स्वच्छ असेल तर तेथे एक पुसट ठिपका दिसेल, पिंजलेल्या कापसाच्या बारीक पुंजक्यासारखा. घाई करू नका, अंधाराला डोळे सरावावे लागतात. हा ठिपका देवयानी नावाच्या तारकासमूहात आहे. तो एक तारा नव्हे. ते ताऱ्यांचे अख्खे गाव आहे. अशा गावाला दीर्घिका म्हणतात.

आपणही अशाच एका गावचे रहिवासी. आपल्या गावाचे नाव आकाशगंगा. रात्री आभाळात पांढरट पट्टा दिसतो ना, तीच. आता ती पट्ट्यासारखी का दिसते? ज्वारीच्या उभ्या पिकात मधोमध उभे राहा. आडवे पाहिले तर ताटामागे ताट, नुसती दाटी. वर पाहिले तर मोकळे. आपली दीर्घिका भाकरीसारखी पसरट आहे, फक्त मध्ये फुगलेली. भाकरीच्या पातळीत नजर टाकली की तारे दाट दिसतात. तोच तो पट्टा.

प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. वर्षभर धावून तो जेवढे अंतर तोडतो, ते एक प्रकाशवर्ष. आपल्या दीर्घिकेची रुंदी सुमारे १ लाख प्रकाशवर्षे आहे. सूर्य मध्यापासून २६,००० प्रकाशवर्षांवर. म्हणजे आपण गावठाणात नाही, वाडीवर राहतो!

तुम्ही म्हणाल, मास्तर, तिथे कोण जाऊन आले? रास्त प्रश्न आहे. शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांतही हाच वाद होता. १९२० साली अमेरिकेत शॅप्ली आणि कर्टिस या दोघांनी तो भरसभेत मांडला. शॅप्ली म्हणत, हे पुसट ठिपके आपल्याच आकाशगंगेतले. कर्टिस म्हणत, नाही, ती वेगळी गावे आहेत.

वाद मिटला तो हेन्रिएटा लेव्हिट या बाईंच्या कामामुळे. त्या हार्वर्डच्या वेधशाळेत काचेवरचे फोटो तपासत. काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. जितके दिवस जास्त, तितका तारा मुळात तेजस्वी, हा नियम त्यांनी १९१२ साली दाखवून दिला. आता बघा, कंदील किती मोठा हे ठाऊक असेल आणि तो मिणमिणता दिसत असेल, तर तो किती लांब हे सांगता येते. १९२३ साली एडविन हबल यांना देवयानीच्या ठिपक्यात तसाच एक तारा सापडला. हिशेब केला, तर तो आकाशगंगेच्या पार बाहेर निघाला. आजच्या मोजणीने ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. लेव्हिटबाईंना मात्र हे पाहायला मिळाले नाही. त्या १९२१ सालीच वारल्या.

हबल यांनी १९२६ साली दीर्घिकांच्या तऱ्हाही लावल्या. काहींना चकलीसारखे वळसे असतात, त्या सर्पिल. आपली आणि देवयानी दोन्ही त्यातल्याच. काही अंड्यासारख्या, त्या लंबगोल. त्यांत बहुधा जुने, तांबूस तारे. नवे तारे फारसे जन्मत नाहीत, कारण त्यासाठी लागणारा थंड वायू उरलेला नसतो. बाकीच्या ओबडधोबड.

या झाल्या कशा? विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. आरंभी तारे नव्हते, वायू होता. शिवाय डोळ्यांना न दिसणारे पुष्कळ द्रव्य होते. त्याच्या ओढीने वायू ठिकठिकाणी गोळा झाला, थंडावला, आकसला. आकसताना त्याची गिरकी वाढली. मुलगी गिरकी घेते तेव्हा तिचा परकर पसरतो, तसा तो चपटा झाला आणि त्यात तारे पेटले. लहान दीर्घिका एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या. दोन मोठ्या सर्पिल आदळल्या, तर वळसे मोडून लंबगोल होते.

हा वायू मुख्यतः हायड्रोजन. त्याच्या रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण आपल्याकडेही आहे, पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडदला. तिच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर रुंद. एका दूरच्या दीर्घिकेतून ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर तिने टिपल्याचे २०२३ साली जाहीर झाले. ती लहर निघाली तेव्हा आपला सूर्यही जन्मला नव्हता.