चिमुकली पवनचक्की



पुण्यास कोथरूडला १९९८ साली भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले. ते पाहिले की आपली शकुंतलाही फळीवर मांडावीशी वाटते. मूर्तिजापूर-अचलपूरचा तो ७६२ मिलिमीटरचा रूळ १:८७ या प्रमाणात जेमतेम ९ मिलिमीटर भरतो. शेजारच्या मळ्यात पाणी ओढणारी पवनचक्की बसवू म्हटले, तर आठ फुटी चाक २८ मिलिमीटरचे होते.

पण वारा काही लहान होत नाही! अशा चक्कीच्या पात्यांची टोके साधारण वाऱ्याच्याच वेगाने फिरतात. सेकंदाला ४ मीटरच्या वाऱ्यात मोठे चाक मिनिटास तीसेक फेरे घेते. चिमुकले, घर्षण आड न आल्यास, अडीच हजारांवर जाईल. मग ती चक्की कसली, भिंगरी!

म्हणून फळीखाली दातेरी चाकांनी मंद केलेली मोटर ठेवावी. खऱ्या चक्कीत पंपाचा दांडा मनोऱ्याच्या मधोमध उतरतो. नेमक्या त्याच जागी बारीक नळीतून फिरती तार वर न्यावी. कुणी याला लबाडी म्हणेल. माझ्या मते वाऱ्यावर सोडलेली चक्कीच येथे खोटी दिसते. आणि हो, मोटर मधूनमधून बंद ठेवा. आपल्याकडे वारा दिवसभर कुठे वाहतो?