एसी गार करत नाही? मेकॅनिकला फोन करायच्या आधी...

मे महिना, अनसिंगचं ऊन, आणि एसी नुसता वारा फेकतोय. मेकॅनिक वाशीमहून येणार, म्हणजे नुसत्या येण्याचेच पैसे. तर आधी रिमोट बघा. बर्फाच्या फुलाचं चिन्ह दिसतंय ना? नसेल तर तो फॅन मोडवर आहे, बस्स.

मग फिल्टर. आपल्याकडची धूळ, त्यात मळणीचा भुसा, जाळी पंधरा दिवसांत भरते. मेन स्विच बंद करा, जाळी काढा, साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. हवा अडली की आतल्या कॉइलवर बर्फही धरतो.

पण गावात खरा घोळ व्होल्टेजचा. २३० हवं, रात्री सगळ्यांचे कूलर चालू झाले की ते पार खाली येतं आणि कॉम्प्रेसर उचलतच नाही. स्टॅबिलायझरवरचा आकडा बघा. तो कमी असेल तर मेकॅनिक काय करणार? लाइन येऊन तीनच मिनिटं झाली असतील तर थोडं थांबा, कॉम्प्रेसर मुद्दाम उशिरा सुरू होतो.

एमसीबी सारखी पडत असेल तर मात्र पुन्हापुन्हा उचलू नका. बाहेरच्या युनिटचं झाकणही उघडू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो. तिथे सरळ फोन लावा.