केसपेपरवरील एक रकाना
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधाच्या गुणावगुणांविषयी बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. नोंदींविषयी चार शब्द बोलण्याचा तेवढा माझा. चीनमधील पारंपरिक वनौषधींविषयी वाचताना आपल्याकडे राहून जाणारी एक नोंद मला प्रकर्षाने जाणवली.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडील पोर्टल शिरेतून येते. अन्नरसाबरोबर आतड्यातील जिवाणूंनी निर्माण केलेले पदार्थही त्याच वाटेने येतात. सिरॉसिस झालेल्या यकृताला त्यांतील अमोनियाचा निचरा करणे जमत नाही आणि रुग्णाला गुंगी येऊ लागते. त्यावर दिले जाणारे लॅक्ट्युलोज आपले काम आतड्यातच करते. यकृताच्या रुग्णाचे पोट साफ राहते ना, याची डॉक्टर एवढी चौकशी का करतात, हे यावरून ध्यानात येईल.

चीनमध्ये हुआंगलियन ही पिवळी, कडू मुळी जुलाबावर शतकानुशतके दिली जाते. तिच्यातील बर्बेरिन हे द्रव्य आपल्या दारुहळदीतही आहे. ते रक्तात फारच थोडे शोषले जाते. परंतु आतड्यातील जिवाणू त्याचे रूप पालटून ते शोषण्याजोगे करतात, असे चिनी संशोधकांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून २०१५ साली दाखविले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या शांघाय येथील १८४ रुग्णांच्या अभ्यासात, आहार-व्यायामाला बर्बेरिनची जोड दिल्यावर यकृतातील चरबी अधिक उतरल्याचे आढळले. ही झाली जमेची बाजू.

आता खर्चाची. केस काळे राहावेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या हेशोउवू या मुळीमुळे यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा चीनच्याच औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला. तेथील ३०८ रुग्णालयांत २०१२ ते २०१४ या काळात औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या २५,९२७ रुग्णांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे २७ टक्के रुग्णांत संशय पारंपरिक औषधे, वनौषधी व पूरक आहार यांवर होता. क्षयाच्या औषधांवर सुमारे २२ टक्के. आपणही निश्चिंत राहू नये. गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे.

यात परंपरेचा अवमान नाही. ज्या मुळीत गुण करण्याची शक्ती आहे, तिच्यात अपाय करण्याचीही असू शकते, एवढाच याचा अर्थ. परंतु रुग्ण काढा किंवा चूर्ण यांना औषध मानीत नाही, अथवा डॉक्टर रागावतील म्हणून सांगत नाही. मग काविळीचे कारण शोधण्यात मोलाचे दिवस जातात आणि तोवर तो काढा सुरूच राहतो.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे की, केसपेपरवर 'इतर औषधे, काढे, चूर्णे' असा एक रकाना छापावा. नोंदणीच्या खिडकीवर आणि वॉर्डात हा प्रश्न न रागावता, आपुलकीने विचारला जावा. रुग्णांनीही घरातील पुडी वा बाटली सोबत आणावी. या रकान्याला छपाईचा फारसा खर्च नाही. त्यातील एखादी ओळ मात्र कुणाचे यकृत वाचवू शकेल.