आपाच्या परसातला कोल्हा



कोल्हा म्हटलं की आपल्याला शाळेतली आंबट द्राक्षं आठवतात. मला मात्र कोंबड्या आठवतात, आणि त्याही लंडनमधल्या.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, 1980 च्या सुमारास लग्न होऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावातून विलायतेला गेली. आम्हा कोकणी मुसलमानांत घरटी एखादं माणूस परदेशी असतंच. पूर्व लंडनमध्ये एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीत तिचं घर. मागे परसू, परसाच्या टोकाला लाकडी शेड. 2018 च्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेलो आणि चार महिने राहिलो. आपाने गावच्या आठवणीने तीन कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांना नावंही गावातल्या बायकांची दिली होती. ती इथे सांगत नाही. त्यातल्या दोघी रेडिओ ऐकतात.

पहिल्याच आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास किंकाळी ऐकू आली. कुणा बाईचा गळा धरला असावा, अशी. मी ताडकन उठून बसलो. आपा पलीकडच्या खोलीतून म्हणाली, "झोप रे, कोल्हीण आहे." हिवाळ्यात त्यांच्या जोड्या जमतात, तेव्हा हा आरडाओरडा चालतो.

खरं म्हणजे त्याला कोल्हा म्हणणं तितकंसं बरोबर नाही. आपल्याकडे कोल्हेकुई करतो तो लांडग्याच्या गोतातला. लंडनचा तांबूस, झुपकेदार शेपटीचा प्राणी आपल्या माळरानावरच्या खोकडाचा भाऊबंद. पण आपण दोघांना कोल्हाच म्हणतो, मीही म्हणतो. 1930 च्या दशकात लंडनभोवती मोठ्या बागांची घरं उठली आणि हा पाहुणा शहरात आला. शेडखाली बिळाला जागा, कचऱ्यात अन्न, गवतात गांडुळं, झाडाखाली पडलेली फळं. कोल्हा काकडीला राजी ही आपली म्हण तिथेही खरी ठरते.

तर कोंबड्या. गावी आम्ही त्यांना डालग्याखाली झाकायचो. आपाकडे खुराडं होतं आणि मगरिबच्या आधी त्याचं दार लावायचं काम माझ्याकडे होतं. मार्चमधल्या एका संध्याकाळी मी वहीत डोकं घालून बसलो होतो. एक ओळ जमत नव्हती. दार राहून गेलं.

सकाळी एक कोंबडी नाहीशी, दोन मरून पडलेल्या. कोल्हा मजेखातर मारतो असं आपण म्हणतो, पण तसं नाही. पळायला वाट नसलेली शिकार समोर असली की तो सगळी मारतो आणि जमेल तशी नेऊन पुरून ठेवतो. त्याला पुन्हा यायचं होतं, आम्ही आधी पोचलो इतकंच. आपा मला एक शब्द बोलली नाही. ते फार वाईट.

अपराधी माणूस फार शूर होतो. मी म्हणालो, "उंदराचं औषध पावाला लावून ठेवू." माझी भाची वकिलाच्या कचेरीत काम करते. ती म्हणाली, "मामू, तुरुंगात जाल."

मग तिने मला कायदा समजावला. तिथे कोल्ह्याला विष घालणं, बिळात वायू सोडणं गुन्हा आहे. वन्य सस्तन प्राण्याला ठेचणं, बुडवणं, जाळणं, गुदमरवणं 1996 च्या कायद्याने गुन्हा. पिंजऱ्यात धरला की तो आपल्या ताब्यातला प्राणी ठरतो आणि 2006 चा प्राणिकल्याण कायदा लागू होतो. दूर नेऊन सोडावा तर परक्या मुलखात त्याचे हाल होतात. आत प्राणी असलेलं बीळ बुजवता येत नाही. डिझेल किंवा डांबरगोळ्याही टाकायच्या नाहीत. त्या कामासाठी मंजूर असलेलंच वासाचं औषध वापरायचं. नगरपालिकेवर कोल्हे हटवण्याचं बंधन नाही. शिवाय एक मारला तर रिकाम्या जागी दुसरा येतो.

एप्रिलच्या शेवटी शेडखालून चार पिल्लं बाहेर आली. चॉकलेटी रंगाची, मांजरीच्या पोराएवढी. कोल्हीण उंदीर आणायची. एकदा कुणाची तरी चप्पल आणली. मी खिडकीशी तासन्‌तास उभा असायचो. आपा तिकडे बघायचीही नाही. तिच्या कोंबड्या गेल्या होत्या, तिला त्या पोरांचं कौतुक कसलं? पण तिने बीळही बुजवू दिलं नाही. "जातील तेव्हा जातील," एवढंच म्हणाली.

दरम्यान तिने बाकीची कामं उरकली. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण लावलं. गुलाबाला घातलेलं हाडांच्या भुकटीचं खत बंद केलं, कारण त्या वासाने कोल्हा माती उकरतो. पक्ष्यांना घालायचा उरलेला भात बंद. अवघड होती ती शेजारची म्हातारी. ती कोल्हिणीला हाताने सॉसेज भरवायची. हाताने खाणारा कोल्हा मग कुणाच्याही दारात शिरतो. आपा समोशांची बशी घेऊन तिच्याकडे गेली. दोघी तासभर बोलल्या. सॉसेज थांबले नाहीत, पण कमी झाले.

जूनमध्ये पिल्लं दिसेनाशी झाली. बिळाच्या तोंडात आम्ही चुरगाळलेली वर्तमानपत्रं सैलसर कोंबली. काही दिवस ती तशीच राहिली, म्हणजे आत कुणी नाही. मगच शेडच्या कडेने जाळी लावली. ती वेल्डमेशची, कोंबड्यांची म्हणून मिळते ती बारीक जाळी कोल्हा दाताने फाडतो. जाळी बाहेरच्या बाजूला फूटभर वळवून मातीखाली पुरली. त्याने उकरायला घेतलं तर नखाला तारच लागावी.

हे आपल्याला कशाला, असं वाटेल. मुंबई-नवी मुंबईत खाडीकाठच्या खारफुटीत आपला कोल्हा राहतो आणि रात्री वसाहतींच्या आवारात येतो. त्यालाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला मारणं, पकडणं आपलं काम नव्हे, वनखात्याला कळवायचं. एक फरक मात्र मोठा आहे. ब्रिटनच्या कोल्ह्यांत रेबीज नाही, आपल्याकडे त्याची भीती खरी आहे. चावला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची, हळद लावून बसायचं नाही. आणि खाऊ घालायचा मोह इथेही टाळायचा.

मी परतल्यावर आपाने नव्या तीन कोंबड्या आणल्या. खुराड्याचं दार आता अंधार पडला की यंत्राने आपोआप बंद होतं. परवा फोनवर मी विचारलं, यंत्र नीट चालतं ना? म्हणाली, "चालतं. ते कविता करत नाही."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)