राखणीशिवाय सुगी नाही

(मंगळवेढे येथे शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेत झालेले भाषण)



आपल्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी पिकते. पेरणी झाली म्हणजे सुगी घरी आली, असे आपण कोणी म्हणत नाही. कणीस भरू लागले की माळ्यावर गोफण घेऊन राखण्या बसवावा लागतो. मुलाचे नाव कॉलेजात घातले की मात्र आपण निर्धास्त होतो. तेथेच आपण फसतो, हे सांगण्यास आम्ही उभे आहोत.

आम्ही एका कॉलेजात शिकवीत होतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा एक हुशार मुलगा वर्गात होता. शिष्यवृत्तीचा त्याचा अर्ज एका दाखल्यापायी तीनदा परत आला. इंग्रजीतले पाठ उमगेनात. विचारावे तर शेजारची मुले हसत. पुढे तो येईनासा झाला. आम्ही हजेरीपटावर दोन महिने ‘गैरहजर’ लिहीत राहिलो. चौकशीस गेलो तेव्हा तो वीटभट्टीवर होता. तो परत आला नाही. कारकुनास दोष देणे सोपे आहे. पण त्या मुलाची विचारपूस आम्हीही आपले काम मानली नाही, हे कबूल केले पाहिजे.

हे काम आपल्या मुलामुलींनी पोटापाण्याचा धंदा म्हणून पत्करावे, एवढेच आमचे मागणे आहे. 2012 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले. कॉलेजात समान संधी कक्ष असावा व भेदभावाच्या तक्रारी ऐकण्यास अधिकारी नेमावा, असे त्यांत सांगितले. 2016 च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत अपंगांसाठी किमान 5 टक्के जागा राखल्या. नियम झाले, ते राबविणारे हात कोणाचे?

काम काही परके नव्हे. शाहू छत्रपतींनी 1901 साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले व पुढे इतर जातिधर्मांच्या मुलांचीही सोय केली. खेड्यातल्या पोरास राहण्याजेवण्याची सोय नसेल, तर उघडी शाळाही त्यास बंदच, हे त्यांनी ओळखले. भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या मायबापांचेच काम आज या अधिकाऱ्याकडे आले आहे.

अमरावती जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले सुखदेव थोरात 2006 साली त्याच आयोगाचे अध्यक्ष झाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांस कसे वागविले जाते, याची चौकशी करून त्यांच्या समितीने 2007 साली अहवाल दिला. आपली पोरे तेथवर पोहोचू शकतात.

मार्ग कोणता? पदवीनंतर समाजकार्य, समाजशास्त्र किंवा कायदा शिकावा. तुळजापुरास टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची शाखा आहे. ती काही लांब नाही. प्राध्यापक व्हायचे तर नेट वा सेट परीक्षा द्यावी. शासन निर्णय वाचण्याची, तक्रार नीट लिहून घेण्याची सवय लावावी. इंग्रजी हवेच, पण मुलाच्या आईशी मराठीत वा कानडीत बोलता आले पाहिजे.

खोटी आशा मात्र आम्ही दाखविणार नाही. पुष्कळ ठिकाणी हे काम एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात जादा म्हणून बांधतात. त्याचा वेगळा पगार नसतो. म्हणून आधी कायमची जागा मिळवावी व मग हे काम मागून घ्यावे. आणि जो केवळ आपल्याच जातीचे पोर पाहील, त्यास राखण्या म्हणू नये.

याच गावी 1338 साली गावकुसाचे काम करिताना भिंत कोसळून चोखोबा गेले, असे सांगतात. पंढरीस त्यांची समाधी महाद्वाराशी आहे. त्यांच्या लोकांस देवळाचे दार उघडण्यास 1947 साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. कॉलेजचे दार आज उघडे आहे. आत गेलेल्याकडे पाहणारा माणूस हवा. तेव्हा पोराचे नाव घालाल त्या दिवशी फीची पावती घ्याच, पण समान संधी कक्ष कोणाकडे आहे, हेही विचारून या. उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या दिवशी चारजण मिळून पुन्हा जा.