सुई, गोळी आणि मनाचं दुखणं
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हांला विषय दिला आरोग्याचा. आम्ही काही डॉक्टर नव्हे. नववीत शाळा सुटली, पुढचं जे शिकलो ते रात्रपाळीत दिव्याखाली वाचून. पोह्यांच्या गिरणीत भट्टीसमोर तीस वर्षं गेली. तेव्हा आरोग्यावर आम्ही काय बोलणार? पण मनाच्या दुखण्यावर बोलू शकतो, कारण ते आम्हांला झालं होतं. आणि त्यासाठी आम्ही चिनी सुयासुद्धा टोचून घेतल्या. हसा, हरकत नाही.

२०२० साली काय झालं ते आपण सर्वांनी भोगलं. टाळेबंदीत गिरणी बंद. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, घरावरचे पत्रे उडाले. पुढच्या साली आमचे थोरले बंधू कोरोनात गेले, त्यांचं तोंडही धड पाहता आलं नाही. त्यानंतर आमची झोप गेली. रात्री दोनला डोळे टक्क उघडे. जेवण नको, बोलणं नको, माणूस समोर आला की छातीत धडधड. चळवळीत घसा फोडून घोषणा देणारे आम्ही, विहाराच्या पायरीपर्यंत येऊन परत फिरायचो.

वस्तीत लोक दोन गोष्टी बोलायचे. एक, "बाहेरचं काहीतरी लागलंय." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात आमच्याच एका नातलगाने देवऋषाचा पत्ता आणून दिला! दुसरी, "आता ह्यांना ठाण्याला न्यावं लागणार." ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. सव्वाशे वर्षं होत आली, तरी आपल्याकडे 'ठाणे' म्हटलं की लोकांना दुसरं काही आठवत नाही. त्या एका शब्दाच्या भीतीनं किती माणसं डॉक्टरकडे जात नसतील!

शेवटी आमच्या पत्नीनेच आम्हांला वडखळमार्गे अलिबागला सरकारी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, मध्येच बंद करू नका. बाहेर मोठी रांग होती, ते तरी आणखी काय बोलणार?

त्याच दिवसांत रोह्याच्या एस.टी. स्टँडवर एक पत्रक हातात पडलं. चिंता, निद्रानाश, उदासी यांवर चिनी सुयांचा उपचार. वर डॉ. कोटणीसांचा फोटो. आता कोटणीस म्हटलं की आमचा हात जोडला जातो. १९३८ साली जपानने चीनवर आक्रमण केलं असताना काँग्रेसने पाच डॉक्टर तिकडे पाठवले. त्यांतले दोन आपले, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. कोटणीस तिथंच राबले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच गेले. वय अवघं बत्तीस. पण ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. सुयांची विद्या तिकडून शिकून आणली ती त्याच पथकातल्या बंगालच्या डॉ. बसूंनी, आणि कलकत्त्यात सुरू केली. म्हणजे पत्रकावरचा फोटोच चुकीचा. ते आम्हांला मागाहून वाचनात कळलं.

तर आम्ही पेणहून दिव्याच्या गाडीत बसलो. कासू, नागोठणे, मग रोहा. त्या गृहस्थाने आम्हांला पाऊण तास बसवून ऐकून घेतलं. भाऊ कसा गेला, झोप कधी मोडते, राग येतो का, रडू येतं का. बंधूंनो, इतकं आम्हांला कुणी विचारलंच नव्हतं! मग त्याने सांगितलं की चिनी वैद्यकात मन आणि शरीर अशा दोन वह्या नाहीत. राग यकृतात बसतो, दुःख फुप्फुसात, भय मूत्रपिंडात, फार विचार केला की प्लीहा बिघडते, आणि हृदय हे चित्ताचं घर. शरीरात 'ची' नावाची शक्ती वाहते, ती तुंबली की माणूस उदास होतो. मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या बाजूला एक जागा आहे, तिला ते 'शेनमेन' म्हणतात, म्हणजे चित्ताचं दार. तिथं केसासारखी बारीक सुई. दुसरी दोन भुवयांच्या मध्ये.

खोटं कशाला बोलू, त्या रात्री चार तास झोपलो.

मग आम्ही या विषयावर मिळेल ते वाचलं. एक गोष्ट फार आवडली. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चांग चुंगचिंग नावाचा वैद्य होऊन गेला. कारणाशिवाय रडणाऱ्या, जणू झपाटल्यासारखं वागणाऱ्या बाईसाठी त्याने काढा लिहून ठेवला. ज्येष्ठमध, गहू आणि बोराच्या जातीचं लाल फळ. काढ्याने किती गुण येत असेल ते सोडा. पण त्या बाईला त्याने चाबूक मारला नाही, मिरच्यांची धुरी दिली नाही. तिला आजारी माणूस समजला. आपल्याकडे भूत उतरवायच्या नावाखाली होणारी मारहाण थांबवायला २०१३ साली कायदा करावा लागला, आणि तोही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर.

आता पुढचं ऐका, त्यासाठीच आम्ही उभे आहोत. सहाव्या खेपेला तो गृहस्थ म्हणाला, "त्या गोळ्या शक्ती अडवतात, बंद करा." आम्ही केल्या, एकदम. महिन्याभरात होतं त्याच्या दुप्पट झालं. एका पहाटे आम्ही भोगावतीच्या पुलावर जाऊन उभे होतो. कशासाठी, ते तुम्ही समजा. पत्नी शोधत आली. काही बोलली नाही, हात धरला आणि घरी आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अलिबाग. डॉक्टर रागावले नाहीत. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि दीड वर्षांनी त्यांनीच हळूहळू कमी करून बंद केल्या.

मग सुई खोटी काय? तसं आम्ही म्हणत नाही. तपासणाऱ्यांनी खऱ्या जागी टोचून पाहिलं, मुद्दाम भलत्या जागी टोचूनही पाहिलं. उदासीच्या आजारात दोन्हींत फरक फारसा मोठा दिसत नाही, आणि जो दिसतो त्याचा पुरावाही कच्चा आहे. आमच्या मते आमची ती चार तासांची झोप निम्मी त्या पाऊण तासाच्या ऐकण्याची होती. ते काम सुईवाल्याशिवायही होऊ शकतं. शेजारी करू शकतो, सून करू शकते.

तरी कुणाला सुई घ्यायचीच असेल तर घ्या. पण नोंदणी विचारा. महाराष्ट्रात या उपचारासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे आणि एकदाच वापरली गेली पाहिजे. नाव न लिहिलेली चिनी पुडी कुणी दिली तर घेऊ नका. बेल्जियममध्ये १९९० नंतर वजन उतरवायच्या चिनी औषधात भलतीच वनस्पती मिसळली गेली आणि कित्येक बायांची मूत्रपिंडं निकामी झाली. आणि डॉक्टरची गोळी बंद करा म्हणणारा कोणीही असो, सुईवाला, बाबा, की आपल्यातलाच शहाणा कार्यकर्ता, तिथून चप्पल घालून उठा.

तथागतांनी दोन बाणांची गोष्ट सांगितली आहे. एक बाण अंगाला लागतो, दुसरा मनाला. आमचा पहिला बाण भावाचा मृत्यू. दुसरा लाजेचा होता, लोक काय म्हणतील याचा, आणि तोच आम्हांला पुलावर घेऊन गेला.

१४४१६ हा सरकारचा फोन आहे, टेलिमानस. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. नंबर विहाराच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे, मुलांनी पुसू नये. अलिबागला एकट्याने जायला ज्याला जड वाटत असेल त्याने आम्हांला सांगावं. आमची पाळी दुपारी असते, सकाळची पहिली एस.टी. धरून आम्ही सोबत येऊ. कुणाकडे जातोय हे वस्तीत कुणाला कळणार नाही. विचारलंच तर सांगू, गिरणीच्या कामाला गेलो होतो.

जयभीम!