शेजारी बसलेला माणूस



नशेकऱ्यांकडून शहाणपण शिकावे, हा आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. पण थोडे ऐकून घ्या.

हेरॉइन किंवा फेंटानिल प्रमाणाबाहेर गेले, की श्वास मंदावतो. घोरल्यासारखा आवाज येतो, ओठ निळे पडतात, श्वास थांबतो. त्यानंतर हाती उरतात ती मोजकी मिनिटे. त्या वेळी उशाशी कोण असते? डॉक्टर क्वचितच. बहुधा असतो दुसरा नशेकरीच, आणि त्याला पोलिसांचे भय.

यावरचा उतारा, नॅलॉक्सोन, १९६१ साली सापडला. १९७१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. अफूचा अंश मेंदूत जिथे चिकटतो तिथून तो त्याला हुसकावतो, आणि श्वास परततो. तरी पुढली पंचवीस वर्षे तो बहुतेक दवाखान्यांतच राहिला. १९९६ साली शिकागोत डॅन बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सरळ नशेकऱ्यांच्याच हाती दिला. सोबत राहण्याची रीत या लोकांत होतीच. एकट्याने घ्यायचे नाही, नवा माल आधी थोडा घेऊन पाहायचा, बेशुद्धाला कुशीवर वळवायचे. त्यांत घातक समजुतीही होत्या. कोणी अंगावर बर्फ ठेवी, कोणी मिठाचे पाणी टोची. परंपरा म्हटली म्हणजे सारेच सोने नसते. ते टाकले, सोबत राखली.

यामुळे व्यसनाला उत्तेजन मिळते, हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ज्या घरात असा मुलगा आहे, तेथील आईही तो घेते. तिला मी कॅनडातील व्हँकुव्हरचा आकडा सांगेन. तेथे नशेकऱ्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे धरलेल्या आग्रहानंतर २००३ साली परिचारिकांच्या देखरेखीखालील केंद्र उघडले. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार केंद्राच्या पाचशे मीटरांच्या परिसरात अतिमात्रेने होणारे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले, उरलेल्या शहरात जेमतेम ९ टक्क्यांनी.

पुढे फेंटानिलची लाट आली, तेव्हा एका केंद्राने भागेना. २०१६ च्या सप्टेंबरात त्याच वस्तीतल्या एका बोळात स्वयंसेवकांनी विनापरवाना तंबू ठोकला आणि आत उतारा घेऊन पाळीपाळीने बसले. सरकारची परवानगी आली ती डिसेंबरात.